लेप मारून दगड वाचत नाही

मुंबईतल्या जुन्या दगडी इमारतींवर पारदर्शक जलरोधक लेप मारला की पावसाची चिंता मिटली, असं एका लेखात वाचलं. इतकं सोपं नाही हो. भिंतीत ओल फक्त पावसाची नसते. जमिनीतूनही पाणी वर चढतं आणि सोबत क्षार आणतं, समुद्राच्या वाऱ्यातलं मीठ वेगळंच. ही ओल बाहेर सुकायला हवी. लेपाने वाट अडवली की मीठ आतच साचतं, त्याचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा पापुद्रा लेपासकट सुटून येतो.

सिमेंटने भरलेल्या दरजांचीही, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांचीही, तीच गत. चुना दगडापेक्षा मऊ, ओल त्यातून निघून जाते. झिजला तर दरजा पुन्हा भरता येतात. सिमेंट भरल्यावर झीज दगडाच्या वाट्याला येते. फोर्टात एखाद्या भिंतीला नाक लावून बघा, दगड आत गेलेला आणि सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या पुढे आलेल्या दिसतील. कंत्राटदार मात्र खूश, काम 'पक्कं' झालं!

आणि सगळ्या दगडांना एकच औषध कसं चालेल? काळा बेसॉल्ट दणकट. पण फोर्टातल्या कितीतरी इमारतींची नक्षी पोरबंदरच्या चुनखडीत आहे. धुरातल्या गंधकाने तिच्या पृष्ठभागाचं जिप्सम, म्हणजे पाण्यात विरघळणारा क्षार, होतं. थेट पाऊस लागतो तिथे ते धुऊन जातं, छज्ज्याखाली मात्र काजळी धरून काळी खपली होते. ती सँडब्लास्टिंगने, म्हणजे वाळूचा जोरदार मारा करून, काढली तर पानाफुलांच्या कडाही जाणार. लेप सुचवण्याआधी कोपऱ्यातल्या एखाद्या दगडावर दोन पावसाळे चाचणी घ्या की राव.