‘निर्दोषाला वकील कशाला?’ या सल्ल्याची उलटतपासणी

एक सल्ला गेले काही महिने या फोनवरून त्या फोनवर फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: तुम्ही काही केलं नसेल तर अनुभवी फौजदारी वकिलावर पैसे उधळू नका. पोलीस ठाण्यात जा, सगळं खरं सांगा, सुटाल. वकील सोबत नेलात की उलट संशय वाढतो. जामीन तर कुणीही काळा कोटवाला करून देतो. अगदीच अडलं तर फुकटचा वकील मिळतो, पण तो नावापुरता. आणि मोठे वकील म्हणजे नुसती सेटिंग.

यातलं प्रत्येक वाक्य पटण्यासारखं आहे, कारण प्रत्येकात थोडं थोडं तथ्य आहे. म्हणूनच एकेक घेऊ.

‘खरं सांगा, सुटाल.’ निर्दोष माणूस अडकतो तो खोटं बोलल्यामुळे क्वचितच. आठवणीवर विसंबून, घाईत, तपशिलासकट खरं बोलायला गेल्यामुळे तो जास्त वेळा अडकतो. समजा, ऑफिसातली रोकड गेली. तुम्ही सांगता, ‘चावी माझ्याकडेच असते, पण त्या दिवशी मी सहालाच निघालो.’ कॅमेऱ्यात तुम्ही पावणेसातला दिसता. तुमच्या लेखी ही साधी विसरभोळी चूक. तपासाच्या कागदात मात्र आरोपी वेळेबाबत खोटं बोलला, असं जातं.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) नुसार गुन्ह्याचा आरोप असलेल्या कुणावरही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांनी पोलिसांच्या लेखी प्रश्नांना उत्तरं द्यायला नकार दिला, म्हणून त्यांच्यावरच खटला भरला गेला होता. त्या प्रकरणात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने हे संरक्षण पोलीस चौकशीलाही लागू असल्याचं सांगितलं. मुख्यमंत्रिपद भूषवलेल्या बाईंनाही त्यासाठी दिल्लीपर्यंत जावं लागलं, हे ‘मी समजावून सांगेन’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

‘पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही’ हेही अनेकांना ऐकून ठाऊक असतं. ते बरोबर आहे, पण अर्धंच. त्या कबुलीतून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग पुराव्यात येतो. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २७ होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये तीच तरतूद आहे. शिवाय तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याची सही घ्यायची नसते, असं कायदाच सांगतो. तरी माणसं ‘इथे सही करा’ म्हटलं की करतात. कधी कोऱ्या कागदावरही.

‘वकील नेला की संशय वाढतो.’ वाढेलही. पण नुसता संशय वाढला म्हणून अटक करता येत नाही. अटकेला कारण लागतं. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नका, अटक का गरजेची आहे ते लिहा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार प्रकरणात बजावलं आहे. अशा वेळी आधी हजर राहण्याची नोटीस येते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४१-अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५(३). नोटिशीला दांडी मारणं मात्र महागात पडतं, कारण मग तेच अटकेचं कारण होतं. म्हणजे जायचं, पण विचारून जायचं. फोनवरून ‘जरा येऊन जा’ असं सांगितलं असेल तर जाणता वकील आधी एवढंच विचारतो की बोलावणं लेखी आहे का, गुन्हा क्रमांक काय, आणि बोलावलंय ते साक्षीदार म्हणून की संशयित म्हणून.

अटक झालीच तर आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क अनुच्छेद २२(१) देतो. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, पण पूर्ण चौकशीभर तो शेजारी बसू शकत नाही. त्यामुळे ठाण्यात पाऊल टाकण्याआधीची भेट जास्त कामाची.

‘जामीन कुणीही करून देतो.’ सगळ्यांत महागात पडणारं वाक्य हेच. चोवीस तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करतात आणि पोलीस कोठडी मागतात. रिमांड अर्जात, म्हणजे कोठडी मागणाऱ्या अर्जात, मागणीची कारणं लिहिलेली असतात: हत्यार हस्तगत करायचंय, साथीदार शोधायचेत. त्यातलं कोणतं आधीच पूर्ण झालंय, कशासाठी आरोपी ताब्यात असण्याची गरजच नाही, हे तिथल्या तिथे दाखवावं लागतं. पूर्वी पोलीस कोठडी फक्त पहिल्या पंधरा दिवसांतच मिळायची. नव्या संहितेत ते पंधरा दिवस, गुन्हा किती गंभीर त्यानुसार, पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी मागता येतात. जुन्या हिशेबावर चालणारा वकील इथे गाफील राहतो.

मग दोषारोपपत्र दाखल करायच्या मुदतीचे दिवस. सर्वसाधारणपणे फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस, इतर गुन्ह्यांत ६०. तेवढ्यात दोषारोपपत्र आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, गुन्हा कितीही गंभीर असला तरी. पण तो आपोआप पदरात पडत नाही. मुदत संपल्यावर आणि दोषारोपपत्र दाखल होण्याआधी अर्ज करावा लागतो. अर्ज राहिला आणि तेवढ्यात पोलिसांनी कागद दाखल केले, तर हक्क गेला. ही तारीख डायरीत लिहून त्या दिवशी अर्ज हातात घेऊन उभा असतो, त्याला मी अनुभवी म्हणते. भाषण कसं करतो हे नंतर पाहू.

खटला उभा राहिल्यावर हा फरक आणखी ठळक होतो. साक्षीदार पिंजऱ्यात सांगतो, ‘मी आरोपीला पळताना पाहिलं.’ पोलिसांना दिलेल्या जबाबात त्याने चेहरा दिसला नाही असं म्हटलेलं असतं. नवखा वकील हे वाक्य त्याच्या तोंडावर वाचतो, साक्षीदार ‘मी असं सांगितलं नव्हतं’ म्हणतो, आणि वकील समाधानाने खाली बसतो. काम अर्धंच झालं. जबाबातला तो मजकूर खूण करून कोर्टाच्या नोंदीत दाखवून ठेवावा लागतो आणि पुढे, कदाचित वर्षभराने, तपास अधिकारी साक्षीला येईल तेव्हा त्याच्याकडून साक्षीदाराने तसंच सांगितलं होतं हे वदवून घ्यावं लागतं. ते राहिलं की विसंगती सिद्धच होत नाही. जबाबात नसलेली आणि कोर्टात पहिल्यांदाच आलेली गोष्टही अशीच पकडावी लागते. कोर्टात बसून पाहा. आरडाओरडा करणारी उलटतपासणी पाहणाऱ्याला आवडते, निकालपत्रात मात्र ही कंटाळवाणी शिवण उतरते.

‘फुकटचा वकील नावापुरता.’ एकेकाळी या तक्रारीत बरंच खरं होतं, आणि काही ठिकाणी आजही आहे. पण आता अनेक जिल्ह्यांत मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या अखत्यारीत लोक अभिरक्षक कार्यालयं आहेत. तिथले वकील पूर्णवेळ आरोपींचीच प्रकरणं लढवतात, आणि प्रमुखपदासाठी फौजदारी कामाचा दीर्घ अनुभव लागतो. कोठडीत असलेल्या व्यक्तीला उत्पन्न न पाहता ही मदत मिळते. स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींनाही. कर्ज काढून दिवाणी दाव्यांत मुरलेला ओळखीचा वकील करण्यापेक्षा हा पर्याय कितीतरी बरा.

‘मोठा वकील म्हणजे सेटिंग.’ सेटिंगचं आश्वासन देणाऱ्याच्या दारातून उठून यावं, एवढंच. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. नाव मोठं असणं वेगळं. ‘सीनियर ॲडव्होकेट’ हा दर्जा मिळालेले वकील तर स्वतः वकीलपत्रही (अशिलाच्या वतीने उभं राहण्याचा अधिकार देणारा कागद) दाखल करू शकत नाहीत, त्यांच्यासोबत दुसरा वकील लागतोच. म्हणून विचारायचं ते हे: याच प्रकारचे खटले, याच न्यायालयात, शेवटपर्यंत चालवले आहेत का? तारखेला तुम्ही येणार की ज्युनिअर? फी टप्प्याटप्प्याने किती, आणि पावती मिळेल का? ‘वीस वर्षं प्रॅक्टिस’ हे या प्रश्नांचं उत्तर होत नाही.

या सल्ल्याच्या शेवटी एक भीतीही जोडलेली असते: एकदा वकीलपत्र दिलं की सुटका नाही, फी थकली तर तो कागद अडवतो. वकील कधीही बदलता येतो. आणि थकलेल्या फीपोटी अशिलाचे कागद अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात स्पष्ट केलं आहे. फीसाठी त्याने वेगळी दाद मागावी. फाइल मात्र तुमच्या हातात द्यावीच लागते.