पदकाची झेरॉक्स

ज्या कामातून एक रुपयाही मिळणार नाही, असे काम घेऊन सरकारी कचेरीत जाणाऱ्या माणसाकडे तिथली मंडळी आधी संशयाने आणि मग काळजीने पाहू लागतात. पेन्शन थकणे हे रीतसर दुःख आहे. त्याला खिडकी असते, फॉर्म असतो, आणि खिडकीपलीकडच्या माणसाच्या चेहऱ्यावर ठरावीक सहानुभूतीही असते. परंतु "आमच्या सासऱ्यांच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेल्या सेवेच्या पुस्तकात, तीन पदकांची नोंद राहून गेली आहे, तेवढी करून हवी आहे," असे म्हटले की समोरचे गृहस्थ चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "मग त्याचे मिळतात किती?" काहीही मिळत नाही. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र अशा शौर्यपदकांना दरमहा भत्ता असतो. युद्धाच्या वेळी तुम्ही तिथे होतात एवढेच सांगणाऱ्या पदकांना तो नसतो. हे मी कळव्यातल्या आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींपासून थेट नोटरीपर्यंत सर्वांना समजावून सांगितले आहे, आणि खरा आकडा मी लपवते आहे असा त्या सर्वांचा समज आजही कायम आहे.

आमचे सासरे, म्हणजे अण्णा, १९६८ साली फौजेत भरती झाले आणि अठरा वर्षे गाडी चालवून १९८६ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. ३ डिसेंबर १९७१ रोजी युद्ध सुरू झाले तेव्हा ते पश्चिम आघाडीवर, शकरगढच्या बाजूला, दारूगोळ्याचे ट्रक नेत होते. त्याबद्दल त्यांना पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक मिळाले, आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी जे जे सेवेत होते त्यांच्याबरोबर स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचेही पदक मिळाले. नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचे पदक त्यानंतरचे. ही चारही पदके आमच्या गोदरेजच्या कपाटात मखमलीच्या डबीत सुखरूप आहेत; डिस्चार्ज बुकात मात्र शेवटचे एकच आहे. असे होण्याला कोणाचा वाईट हेतू लागत नाही. लढाई संपली म्हणून पदक लगेच हातात पडत नाही. मंजुरी, याद्या आणि टांकसाळ यांत वर्षे जातात, तोवर जवानाची बदली झालेली असते, आणि पदक माणसाला शोधत नव्या ठिकाणी पोहोचले तरी त्याचा कागद जुन्याच ठिकाणी राहतो.

अण्णांना हे कळले ते माजी सैनिकांच्या एका मेळाव्यासाठी बुकाच्या प्रती काढताना. ते सारी संध्याकाळ गप्प होते. रात्री आमटीभात कालवता कालवता त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बुकात नाही, तर मग त्या डिसेंबरात मी काय माथेरानला गेलो होतो?" माझ्या यजमानांनी ताबडतोब मोबाइलमध्ये डोके घातले, आणि हे काम कोणाकडे येणार हे त्याच क्षणी ठरले.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील कल्याण संघटकांनी आम्हाला बसवून घेऊन व्यवस्थित समजावले, याची नोंद इथे केली पाहिजे. अशी दुरुस्ती जिल्ह्यात होत नाही. ती ज्या त्या रेजिमेंटचे किंवा कोअरचे रेकॉर्ड ऑफिस करते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला आणि बॉम्बे सॅपर्सचे खडकीला. अण्णांचे यांपैकी एकही नव्हे. ते दुसऱ्या एका राज्यात आहे आणि याहून अधिक पत्ता मी देणार नाही. तिथे प्रत्येक जवानाचा शीट रोल, म्हणजे सेवेचा नोंदपट, असतो. बढती, बदली, लग्न, अपत्य असे जे काही त्याच्या आयुष्यात घडते ते युनिट 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये प्रसिद्ध करते, आणि त्यावरून शीट रोलमध्ये चढते. पार्ट टू ऑर्डर निघाली नसेल तर ती गोष्ट घडलीच नाही असे समजण्याची पद्धत आहे. माझ्या यजमानांचा जन्म झाल्याची पार्ट टू ऑर्डर आहे. अण्णांच्या पदकांची सापडत नाही. "ज्याची काढायला हवी होती त्याची काढली नाही," असे अण्णा म्हणाले, ते कोणाकडे बघून म्हणाले हे सांगण्याची आवश्यकता नाही.

अर्ज गेला. अण्णांनी तो फौजी हिंदीत, 'श्रीमान जी, सविनय निवेदन है' पासून 'जय हिंद' पर्यंत, उभे राहून सांगितला आणि मी बसून लिहिला. यथावकाश उत्तर आले की पदकांच्या साक्षांकित छायाप्रती सादर कराव्यात. फोटो चालतील का, असे मी फोनवर विचारले. पत्रात छायाप्रती म्हटले आहे, असे मला सांगण्यात आले.

म्हणून मी आणि अण्णा संग्राम पदक रुमालात गुंडाळून कोर्ट नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाने पदक उलटसुलट करून पाहिले आणि धंद्याचा नेहमीचा प्रश्न विचारला, "दोन्ही बाजू?" मी म्हटले, "तिसरी." पदकाच्या कडेवर, त्या दोन-तीन मिलिमीटरच्या पट्टीवर, जवानाचा नंबर आणि नाव ठोकलेले असते, आणि आमचा खरा पुरावा तोच होता. छावणीच्या बाजारात पदके विकतही मिळतात. त्यांच्या कडा सहसा कोऱ्या असतात. मुलाने पदक काचेवर उभे केले. ते घरंगळून कोपऱ्यात गेले. मग त्याने ते दोन खोडरबरांच्या मध्ये उभे करून झाकण अर्धवट मिटले, दिवा सरकला, आणि कागदावर एक काळी रेघ आली. पदक किंचित फिरवून पुन्हा तेच केले, तेव्हा दुसरी काळी रेघ आली. तिसऱ्या रेघेत मात्र नंबरातले दोन आकडे स्पष्ट उमटले आणि रांगेतल्या लोकांनी समाधानाचा उद्गार काढला. अण्णा तोवर तोंडाने पूर्ण नंबर, शेवटच्या अक्षरासकट, दोनदा म्हणून मोकळे झाले होते. नातवाचा वाढदिवस त्यांना दरवर्षी सांगावा लागतो. हा नंबर त्यांना झोपेतून उठवून विचारला तरी चुकणार नाही.

त्या रेघा जोडताना एक नवीनच गोष्ट उघडकीला आली. आमच्या आडनावातला 'व' बुकात इंग्रजी व्हीने आहे आणि पदकाच्या कडेवर डब्ल्यूने. मग रस्ता ओलांडून नोटरीकडे जाणे आले आणि 'व्हीने लिहिलेला मी व डब्ल्यूने लिहिलेला मी हे एकच इसम आहोत' असे प्रतिज्ञापत्र करणे आले. सही करताना अण्णांनी विचारले, "कोणत्या नावाने करू?" नोटरीने बराच वेळ विचार केला आणि मराठीत करायला सांगितली.

पुढचे पत्र आले तेव्हा घरात पेढे आणण्याची तयारी झाली होती. त्यात लिहिले होते की, पडताळणी पूर्ण झाली असून हवालदार अमुक अमुक यांना संग्राम पदक आणि पूर्वी स्टार यांची नोंद मंजूर करण्यात येत आहे. अण्णांनी पत्र भिंगातून वाचले, चष्म्यातून वाचले, आणि टेबलावर ठेवून दिले. पूर्वी स्टार पूर्व आघाडीचा. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली ती आघाडी. अण्णा ट्रक घेऊन पश्चिमेला होते, आणि तिथला गोळीबार १७ तारखेला थांबला.

घरात मतभेद झाले. यजमान म्हणाले, स्टार तर स्टार, युद्धही तेच, वर्षही तेच, आता वाद कशाला. सासूबाई म्हणाल्या, देणारा देतोय तर घ्यावा. सेक्रेटरी म्हणाले की दोन्ही मागा, एक तरी टिकेल. अण्णांनी सर्वांचे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मी ढाका बघितलेलासुद्धा नाही. तिथे जे होते त्यांचे मी घेणार नाही. सूनबाई, लिहायला घ्या." त्या अर्जात त्यांनी आपल्याला चुकून दिलेले पदक परत घेण्याची विनंती प्रथम केली आणि स्वतःचे पदक नंतर मागितले. क्रम बदलावा असे मी सुचवून पाहिले. शिस्त म्हणून एक गोष्ट असते, एवढेच उत्तर मिळाले.

या अर्जाचा परिणाम मात्र झाला. दुसऱ्याचे पदक परत करणारा माणूस त्या कचेरीत बहुधा विरळा असावा, कारण तिथून चक्क फोन आला, 'राम राम साहब' झाले, आणि मूळ डिस्चार्ज बुक पाठवा, नोंद करून परत देतो असे सांगण्यात आले. अण्णा म्हणाले, रजिस्टर एडीने पाठवू. २०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले आहे हे मी त्यांना सांगितले, तेव्हा ते पोस्टातल्या काउंटरवर जाऊन स्वतः खात्री करून आले. बुक गेले त्या दिवसापासून मोबाइलवर ते कुठे पोहोचले हे पाहणे हा घरातला मुख्य कार्यक्रम होता. परत आले तेव्हा पदकांच्या रकान्यात निळ्या शाईत 'पश्चिमी स्टार' आणि 'संग्राम पदक' असे होते, खाली अधिकाऱ्याची सही आणि गोल शिक्का होता, आणि शिक्क्याचा अर्धा भाग दीर्घ सेवेच्या पदकावर गेला होता. अण्णांनी तेवढे चालवून घेतले.

तिसऱ्या पदकाचे काम अजून चालू आहे. त्याबद्दल वेगळे पत्र आले आहे की, १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपण सेवेत होता याचा पुरावा सादर करावा. अण्णांची भरतीची आणि निवृत्तीची तारीख त्याच कचेरीने, त्याच बुकाच्या पहिल्या पानावर, स्वतःच्या शिक्क्याखाली लिहिलेली आहे. आम्ही त्या पानाची प्रत साक्षांकित करून त्यांनाच पाठवली आहे.