पेटयेचा वजन

देवगडात एका झेरॉक्सवाल्या पोराने काल माझ्याकडून वीस रुपये घेतले. वहीत कारण लिहिलं, 'फाईल उघडणे'. फाईल माझी, उघडलीही मीच.

वारसनोंदीचे 14 कागद स्कॅन केले होते. एकेक कोण जोडत बसणार, म्हणून माझ्या ॲपलच्या मॅकवर सगळ्यांची एक गठ्ठा-फाईल, म्हणजे झिप, करून दुकानाच्या मेलवर धाडली. पोराने विंडोजवर उघडली तर आत दोन फोल्डर. त्याने नेमका 'मॅकओएसएक्स' नावाचा धरला. हा फोल्डर मॅक न विचारता झिपमध्ये सोडतो. आत आपल्याच फाईलींच्या नावांची, पुढे टिंब नि आडवी रेघ लावलेली चिमुकली भुतं. पोराने चौदाही भुतं एकेक करून क्लिक केली.

"काका, करप्ट हा." रांगेला ऐकू जाईल असं.

दुसऱ्या फोल्डरात कागद होते, पण 'सातबारा'च्या जागी अल्फा, डोक्यावर नागमोडी घेतलेला एन, चौकटीचा तुटका कोपरा, पुन्हा अल्फा. फिल कॅट्झ या अमेरिकन प्रोग्रामरने 1989 मध्ये झिप काढली तेव्हा नावं जुन्या आयबीएम पीसीच्या अक्षरांत धरली होती. नाव युनिकोडमध्ये, म्हणजे मराठीसकट सगळ्या लिपी मावणाऱ्या अक्षरांत, आहे हे सांगायची खूण नंतर आली. माझ्या मॅकने ती केली नव्हती, समोरच्या विंडोजने आपल्या मनाने वाचलं. हे मी पोराला समजावत बसलो ही चूकच, कारण मागे रेशनकार्ड घेऊन उभे असलेले एक तात्या ऐकत होते.

"झिला, झिप कित्याक केलंस?"

"फाईल लहान होते, तात्या."

"किती होती? किती झाली?"

खोटं बोलवेना. "21 एमबीची साडेवीस." माझे स्कॅन जेपीईजी, आणि फोटोचा हा प्रकार मुळातच दाबलेला असतो, झिपला दाबायला उरतं काय!

तात्यांनी हिशेब केला. "म्हणजे आंबे तितकेच. वर पेटयेचा वजन."

"पण एकगठ्ठा जातात."

"गेले खय?"

रांग हसली. पोरगंही, माझ्या पैशांवर.

"माझो पुतणो वाशीक पेटी धाडता," तात्या रंगात आले. "थय कोण उघडून करप्ट म्हणना नाय. कुसलो आंबोसुद्धा आंबोच दिसता. असो कोपरो दिसना नाय."

मी माऊस ओढून घेतला, एकेक फाईल उघडली, नावं 1 ते 14 केली. प्रिंटचे पैसे वेगळे पडले. वीस रुपयांवर वाद घातला असता, पण रांगेत अर्धी माणसं आमच्याच वाडीतली.

तात्यांची झेरॉक्स निघाली. पोराने विचारलं, "पिशवीत घालू?"

तात्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं.

"नको रे बाबा. उघडोच दी."