‘स्ट्रिंगीबार्क’ या शब्दावरील आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘स्ट्रिंगीबार्क’ म्हणजेच धागेदार सालीच्या युकॅलिप्टस (निलगिरी) झाडांवरील माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. ‘स्ट्रिंगीबार्क म्हणजे युकॅलिप्टस ऑब्लिक्वा ही एकच जात, बाकी सगळी इंटरनेटवरची उसनवारी,’ असे आपण लिहिले आहे. मतभेदाचे मला वावडे नाही; परंतु ज्याला आपण ओळखतही नाही त्याच्यावर एका ओळीत उसनवारीचा ठपका ठेवून मोकळे होणे, ही चर्चेची रीत नव्हे.

मी मेलबर्नच्या पूर्वेला, डँडेनाँगच्या डोंगरांजवळ राहतो. इथे ‘मेसमेट’ म्हणतात ते ऑब्लिक्वाच, आणि ते माझ्या रोजच्या वाटेवर उभे आहे. त्याच्या सालीत बोटे रुतवून ओढले की काथ्यासारखे लांब धागे हाती येतात, पण साल खोड सोडत नाही. जुन्या वणव्याची काजळी तिच्या भेगांत अजून आहे. हे कोणत्या संकेतस्थळावरून उसने घेतले, ते आपणच सांगावे.

ऑब्लिक्वाचा मान मी कधीच नाकारला नाही. दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीत, १७७७ साली, टास्मानियाजवळच्या ब्रूनी बेटावर गोळा केलेल्या त्याच्याच नमुन्यावरून लेरितिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८८ मध्ये युकॅलिप्टस ही प्रजाती (जीनस) प्रथम वर्णिली. पण म्हणून ‘स्ट्रिंगीबार्क’ हे नाव एकट्या त्याच्या मालकीचे होत नाही. युकॅलिप्टसच्याच इतर जाती पाहा: मॅक्रोऱ्हिंका म्हणजे रेड स्ट्रिंगीबार्क, बॅक्सटेरी म्हणजे ब्राउन स्ट्रिंगीबार्क आणि दूर उत्तरेकडचे टेट्रोडोंटा म्हणजे डार्विन स्ट्रिंगीबार्क. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडमधील योल्ङू हे मूळनिवासी लोक याच उत्तरेकडच्या झाडाची साल काढतात, विस्तवावर धरून सपाट करतात आणि तिच्यावर चित्रे रंगवतात. स्वतःच्या जमिनीवरील खाणकामाविरुद्ध १९६३ मध्ये तिथल्याच यिरकला या वस्तीहून त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या संसदेकडे अर्ज पाठवले, तेही चित्रांकित स्ट्रिंगीबार्कवर. ऑब्लिक्वा आग्नेय ऑस्ट्रेलियातले. आर्नहेम लँडमध्ये ते उगवतच नाही. आपला नियम मानला तर ती साल कशाची होती, याचे उत्तर आपल्याला द्यावे लागेल.

शास्त्रीय नावे लेखाच्या तळाशी न देता वर दिली असती तर वाचकाची सोय झाली असती, एवढे मान्य करतो.

‘उटीच्या निलगिरीच्या सालीही लोंबतात, मग तिला हे नाव का नाही,’ असे आपण विचारता. ती निलगिरी म्हणजे ग्लोब्युलस, ब्लू गम. तिची साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटून गळते आणि आत गुळगुळीत खोड दिसते. स्ट्रिंगीबार्कची साल तंतुमय राहून खोडाला धरून असते. आमच्या व्हिक्टोरिया राज्यात वणव्याचा धोका मोजताना या दोन्ही साली वेगळ्या जोखतात, कारण धागेदार सालीला धरून आग खोडावर चढते आणि तिचे जळते तुकडे वाऱ्याबरोबर पुढे जाऊन नव्या आगी लावतात. ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांत १७३ माणसे गेली. त्या राज्यात हा फरक कोणी शब्दांचा कीस म्हणून उडवून लावत नाही.

‘बार्क’ की ‘बाऱ्क’, लेख लांबला की नाही, या मुद्द्यांत मी शिरत नाही. झाडाविषयी आपल्याकडे आणखी काही असेल तर अवश्य लिहावे, उत्तर देईन. मात्र त्याआधी ‘उसनवारी’ हा शब्द आपण मागे घ्यावा, अशी माझी अपेक्षा आहे.