एमसीबी पडली नाही, म्हणून?

घरातल्या कपाटात दिव्यांखाली रोपं वाढवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सध्या जोरात फिरतोय. त्याचा मजकूर साधारण असा: "एलईडी वीज खातच नाहीत, वेगळ्या वायरिंगची गरज नाही. सर्ज प्रोटेक्टरवाला चांगला एक्स्टेंशन बोर्ड घ्या आणि दिवे, पंखा, पंप, हीटर सगळं त्यात लावा. दिव्याच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, ते नॉर्मल आहे. काही बिघडलंच तर एमसीबी पडेल. आमच्याकडे दोन वर्षं असंच चालू आहे."

(एमसीबी म्हणजे मीटरबोर्डावरचा, जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच.) लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, आणि घोळ उरलेल्या अर्ध्यात आहे.

"एलईडी वीज खातच नाहीत." दिव्यांपुरतं हे बऱ्यापैकी मान्य. खोक्यावर १००० वॅट छापलेले कित्येक दिवे प्रत्यक्षात त्याच्या पाव हिस्साही ओढत नाहीत. तो आकडा जुन्या दिव्यांच्या तुलनेतला असतो. म्हणून खोकं न बघता ड्रायव्हरवर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या डबीवर, छापलेले अँपिअर वाचा, किंवा सॉकेटमध्ये लावायचं वॅटमीटर आणा. पण कपाटात एकटे दिवे कुठे असतात? थंडीत एक हीटर आत ठेवला की एकटाच १५०० वॅट ओढतो. २३० व्होल्टला ते साडेसहा अँपिअर होतात. बोर्डावर ६ अँपिअर लिहिलं असेल, तर तो हीटरलाच पुरत नाही. शिवाय हा लोड मिक्सरसारखा दोन मिनिटांचा नाही, रोज १२ ते १८ तासांचा आहे. अमेरिकेच्या वायरिंग संहितेत तीन तास किंवा जास्त सलग चालणारा लोड 'सतत'चा धरतात आणि तो सर्किटच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपुरताच ठेवायला सांगतात. ती संहिता तुमच्याकडे लागू असो वा नसो, हिशेब उचलण्यासारखा आहे.

सर्ज प्रोटेक्टरबद्दल फार लिहायला नको. बाहेरून अचानक येणारी व्होल्टेजची उसळी तो शोषतो. जास्तीचा लोड, लूज कनेक्शन, गळती यांच्याशी त्याचा संबंध नाही.

आता मुख्य वाक्य: "काही बिघडलंच तर एमसीबी पडेल."

एमसीबी एकच गोष्ट बघते, आपल्यातून किती करंट जातोय. भिंतीतली वायर जळू नये, हे तिचं काम. तेही ती सावकाश करते. घरगुती एमसीबीच्या आयईसी ६०८९८ या मानकाप्रमाणे १६ अँपिअरच्या एमसीबीने १८ अँपिअरला तासभर पडायचं नसतं, आणि २३ अँपिअरला पडायला तिला एक तासापर्यंत मुभा असते. तुमच्या ६ किंवा १० अँपिअरच्या बोर्डाचं या तासाभरात काय होईल याचा विचार तिच्या कामात येतच नाही.

ही झाली जास्त लोडची गोष्ट, म्हणजे निदान एमसीबीला दिसणारी. कपाटातले खरे धोके तिला दिसतच नाहीत. टॉपची (म्हणजे प्लगची) पिन सॉकेटमध्ये ढिली बसली किंवा टर्मिनलचा स्क्रू सैल झाला की त्या जागी रोध वाढतो. समजा अर्धा ओहम. त्यातून सात अँपिअर गेले, तर उष्णता होते करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे साडेचोवीस वॅट. साध्या सोल्डरिंग आयर्नची ताकद असते २५ वॅट. प्लास्टिकच्या बोर्डात कुणी सोल्डरिंग आयर्न खुपसून दिवसाचे १८ तास चालू ठेवावी, तसा हा प्रकार. आणि करंट? तो वाढलेला नसतो, उलट रोधामुळे किंचित घटलेला असतो. एमसीबीच्या दृष्टीने सगळं आलबेल.

दुसरा धोका शॉकचा. ओल्या हातांनी शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो. २३० व्होल्टला त्यातून जवळपास पाव अँपिअर जाईल. १६ अँपिअरच्या एमसीबीला तो जाणवणारही नाही. हृदयाची लय बिघडायला मात्र ३० मिलिअँपिअरच्या वरचा करंट काही क्षण मिळाला तरी पुरे. हे काम आरसीसीबी या वेगळ्या ब्रेकरचं आहे. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, एवढंच ती ताडून बघते आणि फरक पडला की तोडते. ३० मिलिअँपिअरची घ्या, आणि तिचं टेस्ट बटण अधूनमधून दाबा. पण फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकदम हात लागला तर तीही वाचवणार नाही, कारण गेलेलं सगळं परत येतंय असंच तिला दिसतं. लूज कनेक्शनही तिच्या नजरेत येत नाही.

"झिणझिण्या नॉर्मल." हे वाचून मला खरोखर राग आला. ड्रायव्हरच्या आत फिल्टरचे लहान कपॅसिटर फेज व न्यूट्रलपासून दिव्याच्या धातूच्या अंगाला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर तो सूक्ष्म करंट अर्थिंगमधून निघून जातो. नसेल तर पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो, टेस्टर मिणमिणतो आणि बोटाला मुंग्या येतात. त्या मुंग्यांनी सहसा इजा होत नाही, मात्र त्या एक निरोप देत असतात: अर्थिंग तुटलेलं आहे. उद्या आत इन्शुलेशन गेलं तर त्याच पत्र्यावर पूर्ण फेज येईल. अर्थिंग शाबूत असतं तर त्याच क्षणी ब्रेकर पडला असता. ते नसलं तर पत्रा तुमच्या हाताची वाट बघत बसतो. तिसरी पिन कापून टॉप दोन भोकांत बसवणारे लोक मी पाहिलेत. आधी टॉप उघडून हिरवी वायर जागेवर आहे का ते बघा, मग सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

पाण्याचा तर या सल्ल्यात उल्लेखच नाही, आणि कपाटात रोज पाणी घातलं जातं! खताचे क्षार विरघळलेलं पाणी साध्या पाण्यापेक्षा वीज कितीतरी चांगली वाहून नेतं. बोर्ड जमिनीवर नको, कुंड्यांच्या खाली तर नकोच. कपाटाबाहेर भिंतीला उंचावर लावा. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळणारा थेंब झोळाच्या तळाशी गळून पडेल. बुडवलेल्या पंपाच्या बादलीत हात घालण्याआधी टॉप काढायचा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. उरलेली वायर गुंडाळून ठेवू नका; वेटोळ्यात उष्णता कोंडते. टायमरवर '१६(२) अँपिअर' असं दिसलं तर कंसातला आकडा मोटरसारख्या लोडसाठीचा असतो. एलईडी ड्रायव्हर सुरू होताना क्षणभर मोठा करंट ओढतात, त्यामुळे अनेक ड्रायव्हर एकाच टायमरवर टाकले तर त्याचे कॉन्टॅक्ट चिकटू शकतात आणि दिवे बंदच होत नाहीत.

राहिलं "दोन वर्षं असंच चालू आहे". ढिल्या सांध्याचं वयच तेवढं झालंय, एवढाच याचा अर्थ. तापलं की धातूवर ऑक्साइडचा थर चढतो, सॉकेटची स्प्रिंग नरम पडते, रोध वाढतो, मग आणखी तापतं. माझ्या स्वतःच्या बोर्डातली पिन तपकिरी व्हायला दीड वर्ष लागलं आणि तोवर एमसीबी एकदाही पडली नव्हती. दिवे तीन तास चालल्यावर मेन बंद करून टॉप बाहेर काढा. पिन हाताला गरम लागली किंवा प्लास्टिकवर पिवळट डाग दिसला, तर टॉप आणि सॉकेट दोन्ही बदला. एकच बदलला तर जुना भाग नव्यालाही लवकर खराब करतो.