स्टेशनपासून पाच मिनिटं

मोठ्या शहराजवळ परवडणारं घर शोधायला निघालं की सगळ्यात आधी एका नव्या कालमापनाशी गाठ पडते. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ असं जाहिरातीत छापलेलं असतं आणि ते साफ खोटं आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. ही पाच मिनिटं कोणाची, कशात बसून आणि कुठल्या प्रहराची, याबद्दल जाहिरात मौन पाळते. पहाटे तीनला, मोटारीतून, सगळे सिग्नल हिरवे मिळाले तर बरीचशी घरं स्टेशनपासून पाच मिनिटांवरच निघतील. त्या वेळी स्टेशन बंद असतं ही गोष्ट वेगळी.

जपान्यांनी या प्रकाराचा नियमानं बंदोबस्त केला आहे. तिथे घराच्या जाहिरातीत चालण्याचं एक मिनिट म्हणजे ८० मीटर रस्ता, आणि वर उरलेल्या तुकड्याचंही अख्खं मिनिट धरायचं. म्हणजे ८१ मीटर झाले की दोन मिनिटं. २०२२ साली त्यात आणखी एक खुंटी मारली गेली. फ्लॅटच्या बाबतीत अंतर इमारतीच्या दारापासून मोजायचं, आवाराच्या सोयीस्कर कोपऱ्यापासून नाही. हा नियम करणाऱ्यांच्या पाया पडावंसं मला वाटतं. पण इतक्या शिस्तीच्या मिनिटातही सिग्नलला थांबणं, रस्त्याचा चढ आणि लिफ्टची वाट धरलेली नाही. शिवाय हे मिनिट स्टेशनच्या तोंडाशी संपतं. तिथून फलाटापर्यंत दोन जिने, एक भुयार आणि तिकिटाच्या दाराशी लागलेली रांग असते, ती आपापल्या हिशेबात धरायची.

म्हणून ८० मीटरचं माप खिशात ठेवावं आणि अंतर रस्त्यावरून मोजावं. वाहतुकीचे नियोजनकार बसथांब्याभोवती ४०० मीटर आणि रेल्वे स्टेशनभोवती ८०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढतात आणि आतले सगळे ‘चालत जाण्याजोगे’ असं मानतात. वर्तुळ कावळ्यांसाठी उत्तम आहे. चौकोनी आखणीच्या रस्त्यांवर माणसाला कावळ्याच्या १.४ पटीपर्यंत चालावं लागतं, आणि जिथे मधे नाला, हमरस्ता किंवा खुद्द रेल्वेचे रूळ आडवे येतात तिथे पटींना मर्यादा नाही. खिडकीतून फलाट दिसतो म्हणून हुरळून जाऊ नये. आधी पादचारी पूल कुठे आहे ते विचारावं. पूल अर्धा किलोमीटर पुढे असेल, तर आपली गाडी सुटताना घरबसल्या बघण्याची सोय तेवढी झाली.

दुसरा फसवा कागद म्हणजे रेल्वेचा तो देखणा, रंगीबेरंगी नकाशा. लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी हॅरी बेकनं केलेला, सरळ रेषांचा आणि सारख्या अंतरांवरच्या स्टेशनांचा नकाशा १९३३ साली छापला गेला, आणि पुढे जगभर तीच तऱ्हा पडली. बेक विजेच्या मंडलांच्या आकृत्या काढणारा माणूस. त्याला जोडण्या दाखवायच्या होत्या, अंतरं नाहीत. लंडनमध्ये लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या दोन स्टेशनांत जेमतेम २६० मीटर आहेत, आणि शहराबाहेरच्या दोन स्टेशनांत काही किलोमीटर. नकाशावर दोन्हीकडे बोटभरच. घर निवडताना हा नकाशा भिंतीला लावावा आणि वेळापत्रक हातात घ्यावं.

वेळापत्रकात अंतर शोधू नये, फेऱ्या मोजाव्यात. माझ्या मते सगळ्या भानगडीचं मूळ इथे आहे. ३० मिनिटांचा प्रवास आणि दर ५ मिनिटांनी गाडी असलेलं घर हे १५ मिनिटांचा प्रवास आणि तासाला एक गाडी असलेल्या घरापेक्षा जवळ असतं. पहिल्या घरातला माणूस आवरून झालं की निघतो. दुसऱ्याचं जेवण, भांडण आणि निरोप घेणं सगळं गाडीच्या वेळेत बसवावं लागतं.

त्यातही पाटीवरच्या ‘दर १० मिनिटांनी’वर पुरता विश्वास टाकू नये. बस ठरलेल्या तालात आल्या तर सरासरी ५ मिनिटं थांबावं लागेल, हे शाळेतलं गणित बरोबर आहे. पण त्याच सहा बस तासाभरात दोन-दोनच्या जोडीनं, दर २० मिनिटांनी आल्या तर सरासरी वाट १० मिनिटांची होते. बस तितक्याच, चालक तितकेच, तासाला सहा फेऱ्यांचा शब्दही पाळला गेला, आणि आपण दुप्पट वेळ उभे. या जोड्या जमतात कशा? पुढच्या बसला थोडा उशीर झाला की थांब्यावर माणसं जास्त साठतात. त्यांना चढवता चढवता तिला आणखी उशीर होतो. मागचीसाठी माणसं उरतच नाहीत, त्यामुळे ती मोकळी सुसाट येऊन पुढचीला गाठते. न्यूवेल आणि पॉट्स या दोघा संशोधकांनी १९६४ साली हे गणितानं मांडून दाखवलं. बसना अजून कळवलेलं दिसत नाही.

यातून घर शोधणाऱ्यानं घ्यायचं ते एवढंच: बसचा ताल मार्गाच्या सुरुवातीला शाबूत असतो आणि शेपटाकडे जाता जाता बिघडत जातो. बस जिथून सुटते त्याच्या जवळचा थांबा सकाळी सोन्यासारखा. संध्याकाळी परतताना मात्र आपण शहरातल्या थांब्यावर उभे असतो, आणि बस कुठून तरी सगळ्या शहराचं दुखणं घेऊन येते. कामाच्या ठिकाणचा थांबासुद्धा मार्गाच्या कुठल्या टप्प्यावर येतो ते बघून ठेवावं. आणि वाट पाहण्याचं मिनिट गाडीत बसलेल्या मिनिटाच्या सुमारे दुप्पट जड असतं, हे काही मी चिडून म्हणत नाही. वाहतुकीचे अंदाज बांधणारे लोक आपल्या गणितात साधारण तसंच धरतात.

मग येते गाडी बदलण्याची गोष्ट. एजंट म्हणतो, ‘मधे फक्त एकदा बदलायचं.’ त्या ‘फक्त’कडे नीट बघू या. दोन्ही गाड्या प्रत्येकी ९० टक्के वेळा वेळेवर येत असतील आणि एकीचं दुसरीशी काही देणंघेणं नसेल, तर दोन्ही वेळेवर मिळण्याची शक्यता ८१ टक्के, आणि परतीच्याही दोन धरल्या तर सुमारे ६६. म्हणजे दर तीन दिवसांतला एक दिवस कुठे ना कुठे फसणारच. पण फसण्या-फसण्यात फरक असतो. सकाळी बसमधून उतरून रेल्वे पकडायची आणि ती चुकली, तर पाच मिनिटांनी दुसरी आहे, काही बिघडत नाही. संध्याकाळी तीच वाट उलटी होते. रेल्वेला तीन मिनिटं उशीर, अर्ध्या तासानं येणारी बस नुकतीच गेलेली, आणि आपण अंधारात थांब्यावरची जाहिरात पाठ करत उभे. जास्त फेऱ्यांच्या गाडीत चढायला बदलणं सुसह्य, कमी फेऱ्यांच्या गाडीत चढायला बदलणं शिक्षा. घर बघायला जाताना लोक सकाळची वाट तपासतात. तपासायची असते ती संध्याकाळची.

मार्गाला फाटे फुटत असतील तर घर फाट्याच्या अलीकडे घ्यावं. पुढे दोन शाखा आणि प्रत्येकीवर दर १५ मिनिटांनी गाडी असेल, तर अलीकडच्या स्टेशनाला तासाला आठ गाड्या मिळतात आणि पलीकडच्याला चार. एकाच स्टेशनाच्या फरकानं वाट दुप्पट होते. भाड्यात फरक पडेलच असं नाही, कारण बऱ्याच घरमालकांनाही हे ठाऊक नसतं. जलद गाडी थांबते का, हेही स्टेशनच्या नावावरून ओळखू येत नाही. कधी कधी एक स्टेशन उलट्या दिशेनं, शहरापासून आणखी लांब गेलं की घर स्वस्तही होतं आणि जलद गाडीमुळे प्रवासही आखूड होतो. तिकिटाच्या भाड्याचे टप्पे पाडलेले असतील तर आपलं स्टेशन हद्दीच्या आत आहे की बाहेर, तेही बघावं. दोनशे मीटरसाठी वर्षभर महागाचा पास काढणारी माणसं आहेत.

आणि गाडी आपल्या स्टेशनवरूनच सुटते की भरून येते? गर्दी मोजण्याची जपानी मोजपट्टी याबाबत फार बोलकी आहे. १०० टक्के म्हणजे बसायला जागा, नाहीतर धरायला कडी किंवा खांब. १५० टक्क्यांना वर्तमानपत्र उघडून वाचता येतं. १८० ला ते घडी घालून, कसंबसं. २०० ला अंगाला अंग लागून चांगलाच दाब येतो, पण साप्ताहिक वाचणं जमू शकतं. २५० ला गाडीच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर सगळे कलतात आणि हातसुद्धा हलवता येत नाही. सरकारी कोष्टकात वाचकाची एवढी काळजी मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. घर घेण्याआधी सकाळी आपल्या होऊ घातलेल्या फलाटावर उभं राहून कुठला टक्का चालू आहे ते ठरवावं. गाडी तिथूनच सुटत असेल, तर दहा मिनिटं जास्तीचा पण बसून होणारा प्रवास मी तरी खुशीनं घेईन.

आता पैसे. शहरापासून लांब गेलं की जागा स्वस्त होते, कारण वाचलेल्या भाड्याचा एक भाग प्रवासात फेडायचा असतो. शहरांतल्या जागांच्या किमतींचा अभ्यास करणाऱ्या विल्यम अलोन्सोनं १९६४ मध्ये हे व्यवस्थित मांडलं. हिशेब तंतोतंत जुळला असता तर तक्रारच नव्हती, पण तो जुळत नाही. फ्राय आणि स्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतली आकडेवारी तपासली, तेव्हा लांबचा प्रवास करणारे एकंदरीत कमी समाधानी निघाले. भाड्यात किंवा पगारात त्यांची पुरती भरपाई होतच नव्हती. टेक्सासमधल्या सुमारे ९०० नोकरदार स्त्रियांचा दिवसभराचा मूड मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नोंदवला, तो अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात सकाळचा कामावर जाण्याचा प्रवास तळाशी होता, खुद्द कामाच्याही खाली.

तेव्हा भाडं एकट्यानं बघू नये. शिकागोच्या सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी या संस्थेनं घर आणि वाहतूक मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत असावं अशी रेघ मारली आहे. ही रेघ अमेरिकेतली, पण एकत्र मोजायची कल्पना कुठेही लागू पडते. त्याच्या जोडीला वेळेचा हिशेब करावा. स्वस्त घरासाठी एका बाजूला ४० मिनिटं जास्त लागत असतील, तर महिन्याच्या २२ कामाच्या दिवसांत २९ तास २० मिनिटं होतात. वाचलेल्या भाड्यातून जास्तीचा प्रवासखर्च वजा करावा आणि उरेल त्याला या तासांनी भागावं. जो आकडा येईल तो आपला, गाडीत उभं राहण्याच्या नोकरीचा तासाचा पगार. त्या पगारावर ही नोकरी दुसऱ्या कोणी देऊ केली असती तर घेतली असती का, एवढं स्वतःला विचारावं. कधी कधी उत्तर ‘हो’ येतं, आणि मग खुशाल जावं.

‘दोन वर्षांत मेट्रो येतेय’ हे वाक्य हिशेबात शून्य धरावं. लंडनची एलिझाबेथ लाइन डिसेंबर २०१८ मध्ये सुरू व्हायची होती, ती २४ मे २०२२ ला झाली. तिथे पैसा, अनुभव आणि भुयारं, तिन्हींची कमतरता नव्हती. येणाऱ्या मेट्रोच्या नावावर चढवलेलं घरभाडं मात्र आजपासून लागू असतं, आणि तोवर घरासमोर खणलेला रस्ता बिनभाड्याचा.

पाहणी अॅपवर करायची असेल तर रविवारी दुपारी सोफ्यावर बसून ‘आत्ता निघा’ दाबू नये. मंगळवार निवडावा, ‘इतक्या वाजता पोहोचायचंय’ असं सांगावं, मग परतीची रात्रीची वेळ, मग रविवार आणि शेवटची गाडी. अॅप वेळापत्रकावर चालत असेल तर आलेल्या उत्तरात उशीर धरलेला नसतो. महिन्यातल्या २० कामाच्या दिवसांत एकदाच उशीर चालणार असेल, तर सरासरी वेळ कामाची नाही, दुसऱ्या क्रमांकाच्या वाईट दिवसाची वेळ लागते. ती अॅपला माहीत नसते, रोज त्याच गाडीनं जाणाऱ्या शेजाऱ्याला असते. ‘प्रवास कसा आहे?’ असं विचारलं तर तो ‘सवय होते’ म्हणेल. त्याऐवजी ‘घरातून किती वाजता निघता आणि जागेवर किती वाजता बसता?’ असं विचारावं, आणि तो बोलताना शेजारी उभ्या असलेल्या बायकोचा चेहरा बघावा.

उरला प्रश्न दोघंही नोकरी करणाऱ्यांचा. एकाच मार्गाच्या दोन टोकांना दोन कार्यालयं असली की लोक मधलं स्टेशन शोधू लागतात. वास्तविक दोन्ही कार्यालयांच्या मधे कुठेही घर घेतलं तरी दोघांच्या प्रवासाची बेरीज तीच राहते. एकाचं जितकं कमी, तितकं दुसऱ्याचं जास्त. तेव्हा मधल्या स्टेशनाच्या मागे न लागता, त्या पट्ट्यात जिथे भाडं सगळ्यात कमी आणि गाड्या सगळ्यात जास्त, तिथे घर घ्यावं. त्यानं कोणाच्या वाट्याला किती मिनिटं येतील, याची वाटाघाटी करार करण्याआधी, शक्यतो एजंट समोर नसताना उरकावी. नाहीतर तो दोघांनाही पाच मिनिटंच सांगेल.