गिटमध्ये पैकीच्या पैकी

व्हर्जन कंट्रोल, म्हणजे फाइलमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवायची पद्धत, आपल्याला कितपत येतं हे तपासायचंय? मग मे महिन्यातली दुपार निवडा. जळगावात बाहेर पारा ४४च्या पुढे, कूलरमधलं पाणी संपलेलं आणि लाइटचा भरवसा नाही. मार्क कमी पडले तर सांगायला कारण घरातच तयार.

चाचणी चार पर्यायांचीच घ्या. ‘फेच (सर्व्हरवरचे बदल आणणं) अधिक मर्ज (ते आपल्यात मिसळणं) म्हणजे पुल’ एवढं घोकून ठेवा. लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सने एप्रिल २००५मध्ये गिट हे व्हर्जन कंट्रोलचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं, हेही घोका. का घेतलं, ते राहू द्या. (लिनक्सवाल्यांना बिटकीपर हे असंच सॉफ्टवेअर फुकट मिळायचं, ते बंद झालं म्हणून. पण याला मार्क नाहीत.)

खऱ्या रिपॉझिटरीला (फाइली आणि त्यांचा इतिहास जिथे राहतो तिला) मात्र हात लावू नका, तिथे पर्याय देत नाहीत. रावेरच्या काकांच्या केळीच्या हिशेबाचा प्रोग्राम तुम्हीच लिहिलाय ना? तो पेन ड्राइव्हमध्येच बरा: ‘केळी_फायनल’, ‘केळी_फायनल_नवीन’, ‘केळी_खरंच_फायनल’. नावातच सगळा इतिहास आला.

नोकरीत नाइलाजाने गिट वापरावं लागलंच, तर मर्ज कॉन्फ्लिक्टचं, म्हणजे एकाच ओळी दोघांनी बदलल्या की होणाऱ्या भांडणाचं, शास्त्र आपल्या रक्तात आहे हे विसरू नका. फाइलमध्ये वर तुमच्या ओळी, खाली दुसऱ्याच्या, आणि मधोमध बरोबरची सात चिन्हं. हा सरळ सरळ बांध! मग करायचं काय, हे खानदेशातल्या माणसाला शिकवावं लागतं का? बांध कोरा. त्याच्या ओळी खोडा, आपल्या ठेवा, कमिट मारा, म्हणजे बदल नोंदवून टाका. गावात निदान मोजणी मागवतात, चार माणसं बोलावतात. इथे शेजाऱ्याला ‘काय करून राहिला रे भो?’ एवढंसुद्धा विचारायची गरज नाही.

कमिटच्या संदेशात ‘बदल केला’ असं लिहा. दुसऱ्या दिवशी ‘परत बदल केला’. हजार कमिटमध्ये बिघाड नेमका कुठे शिरला ते गिटमधलं बायसेक्ट दहाएक फेऱ्यांत काढून देतं म्हणे. देऊ द्या. आपण एकेक उघडून बघू, महिना भरतो.

चुकून पासवर्ड कमिट झाला तर पुढच्या कमिटमध्ये ती ओळ खोडून शांत झोपा. जुन्या कमिटमध्ये तो जसाच्या तसा असतो, पण मागे वळून बघायची आपल्याला सवय कुठेय?

फोर्स पुश, म्हणजे सर्व्हरवरचं पुसून आपलं लादणं, मात्र शुक्रवारी संध्याकाळीच मारा, भुसावळची गाडी पकडायच्या पाच मिनिटं आधी. सहकाऱ्याचं तीन दिवसांचं काम सर्व्हरवरून उडालं की फोन येईल. तेव्हा ‘रिफ्लॉग बघ’ असं चुकूनही सांगू नका. सहसा ९० दिवसांच्या हालचालींची नोंद त्यात असते, आणि ज्याचं काम उडालं त्याच्याच लॅपटॉपवर ते बहुधा शाबूत असतं. दोन मिनिटांत सगळं परत आलं तर सोमवारी तुमच्याबद्दल बोलणार कोण?

एवढं जमलं की चाचणीचं सर्टिफिकेट फ्रेम करून दिवाणखान्यात लावा. एक दिवस काका येतील, भरीत-पुरी खातील, फ्रेमकडे बघून मान डोलावतील आणि विचारतील, “बेटा, त्या व्यापाऱ्याशी केळीच्या भावावरून वाद चाललाय. मागच्या महिन्यातला हिशेब जसा होता तसा दिसंल का?”

तुम्ही पेन ड्राइव्ह शोधायला उठा.